पिवळा जगू दे

मंगळवार, संध्याकाळ

वाळूमाशीच्या पोटात आज एक पिवळा परजीवी दिसला. आम्ही तिच्यात सोडले होते फक्त लाल आणि हिरवे चमकणारे. काळ्या आजाराच्या औषधाने हिरवे मरतात, लाल दाद देत नाहीत. लाल-हिरवी चमक मिसळली की पिवळी दिसते; म्हणजे दोघांची जनुकं एकत्र आली. की लाल-हिरवे नुसतेच एकावर एक पडलेले? पुन्हा पाहिलं. पिवळाच.

वळसंगला वडिलांना फोन करून सांगितलं. "ह्यात चांगलं काय, पोरी?"

म्हटलं, आता याची पिल्लं वाढवायची. कुठली औषधाला दाद देत नाहीत ते बघून दोषी जनुक शोधायचं.

"व्हय, मेंढा कसला ते कोकरावरनंच कळतंय की." जन्मभर मेंढरं राखलेला माणूस, लगेच समजला.

उद्यापर्यंत पिवळा जगू दे. मारायचंय त्यालाच, पण आधी कोकरं होऊ देत.