फेन्सिंग टीमची आयुधपूजा

१ सप्टेंबर
कोच म्हणून दुसरं वर्ष. प्रिन्सिपल हेमलता मॅडमनी बोलावून सांगितलं, यंदा बजेट नाही. युनिव्हर्सिटी स्पर्धेत एक तरी मॅच जिंका, नाहीतर टीम बंद आणि हॉल झुम्बाला. आमचं घराणं चारशे वर्षांपूर्वी तलवारी घेऊन बंगळुरात उतरलं. झुम्बापुढे हरणार नाही.
संकल्प : रोज पहाटे पाचला बनशंकरीच्या घरून निघायचं.

२ सप्टेंबर
सव्वाआठला उठलो. उद्यापासून नक्की.

९ सप्टेंबर
टीमला तिघी लागतात, तिघीच आहेत. हर्षिता खरी खेळाडू. अनुषाला अटेंडन्स हवाय. कावेरी हर्षिताच्या सोबतीला येते. राखीव कुणी नाही, त्यामुळे सिलेक्शनवरून भांडणंही नाहीत. आदर्श टीम.

१८ सप्टेंबर
खांदा धरलाय, म्हणून थिअरीवर भर. तासभर गनिमी काव्यावर बोललो. हर्षितानं विचारलं, सर, तलवार कधी धरायची? म्हटलं, आधी पाया. अनुषा पायाभरणीतच झोपली.

१ ऑक्टोबर, आयुधपूजा
घरच्या स्कूटरची आणि मिक्सरची पूजा आटोपून हॉलवर गेलो. तिन्ही तलवारींना झेंडूच्या माळा. दारात कोहळा फोडला. कुंकू तेलात कालवून पात्यांना लावलं, टोकाला जरा सढळ हातानं. टोकाला स्प्रिंगचं बटण असतं, ते प्रतिस्पर्ध्यावर दाबलं गेलं की दिवा लागून पॉइंट मिळतो. हर्षिता म्हणाली, सर, टोकाला नको. म्हटलं, टोकालाच तर मान.
बायको, संयोगिता, म्हणाली, उद्या दसऱ्याला पूजा उठवा. छे! स्पर्धेच्या सकाळीच उठवणार. आशीर्वाद ताजा हवा. पूजेतलं हत्यार हलवायचं नाही, म्हणून तोवर प्रॅक्टिस बंद. मुलींना विश्रांतीही मिळेल.

७ ऑक्टोबर, स्पर्धा
तपासणीत तिन्ही तलवारी बाद. कुंकू आत साचून बटणं गच्च. तपासणारे गृहस्थ टाचणीनं उकरत म्हणाले, भक्ती स्वल्प जास्त झाली, अण्णा. शेवटी समोरच्याच टीमचे कोच रघुनंदन यांनी त्यांच्या जादा तलवारी दिल्या. हर्षिता जिंकत गेली, बाकी दोघी हरत गेल्या. मॅच गेली. परक्या तलवारींनी आणखी काय होणार? नैतिक विजय आमचाच.

१३ ऑक्टोबर
रघुनंदन हर्षिताला त्यांच्या कॉलेजात बोलावताहेत. फी माफ. ती जाणार नाही. तलवार नसेल, पण निष्ठा मी शिकवली आहे.

१५ ऑक्टोबर
गेली. पाया पडून गेली, हे महत्त्वाचं. मॅडमनी हॉलची किल्ली मागितली. बघू म्हणालो.

१६ ऑक्टोबर
किल्ली दिली. झुम्बाच्या बाई फार अदबीनं बोलल्या. पुढच्या महिन्यापासून मला पार्किंगची ड्यूटी.

३ नोव्हेंबर
हर्षिताचा फोन. नव्या कॉलेजच्या ऑफिसात विचारलं, आधी कोणाकडे शिकलीस? तिनं सांगितलं, कोणाकडेच नाही, मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकले. म्हणाली, कोचचं नाव सांगितलं असतं तर तुमचं ना-हरकत पत्र आणावं लागलं असतं, उगाच उशीर. तुम्हाला कुणी विचारलं तर तसंच सांगाल ना सर?
सरी, ठीक आहे, सांगेन म्हणालो.
फोन ठेवल्यावर फार वाईट वाटलं. माझ्यासाठी पोरगी खोटं बोलली असती तरी चाललं असतं. पण तिनं खरं तेच सांगितलं होतं.