दुसरा ब्रेक

४ फेब्रुवारी
फजिती! विमान धावपट्टीकडे न्यायचं होतं. वळण आलं, मी हातातलं चाक डावीकडे फिरवलं — विमान सरळ गवतात. जमिनीवर विमान पायांनी वळतं, पेडल दाबून. फ्लाइंग क्लबचे मास्तर ओरडले, "पाय, पाय! मोटार नाही ही." ड्रायव्हिंग स्कूलवाल्याची लेक, दुसरं काय होणार.

५ फेब्रुवारी
बाबांना सांगायला नको होतं. पोट धरून हसले. "जमिनीवर धड चालवता येईना, म्हणे उडणार." वर नेहमीचं पालुपद — गाड्या, पाटी, सगळं तुझ्यासाठी उभं केलं. मी मागितलं होतं?

२१ मे
इंजिन चालू असतानाच मास्तर खाली उतरले. "दार लावून घे. एक फेरी मारून ये." एवढंच. शेजारची सीट रिकामी! बाबांच्या गाडीत हे शक्यच नाही. शिकणाऱ्याशेजारी बसून त्यांचा पाय कायम शिकवणाऱ्याच्या बाजूच्या दुसऱ्या ब्रेकवर. घरच्या गाडीत तो ब्रेक नाही, तरी मी चालवत असले की तळपायाने खालचा पत्रा दाबत बसतात.

गेले, फिरले, उतरले. एकटी. पहिल्या एकट्या उड्डाणाच्या रिवाजाप्रमाणे मास्तरांनी माझ्या शर्टाची मागची बाजू कापून क्लबच्या भिंतीवर टांगली. बाबा म्हणाले, "चांगल्या शर्टाची वाट लावली."

२२ मे
तोच शर्ट घालून जेवायला बसले. बघा म्हणावं.

९ मार्च (नवी वही)
व्यावसायिक परवाना मिळाला. मामा सकाळीच हजर — मोठ्या कंपनीत जा, टोपी, खांद्यावर पट्ट्या, देशोदेशी फिरशील. मी सांगितलं, आणखी एक कोर्स करून क्लबातच शिकवणार.

बाबा म्हणाले, "शिकवायचंच होतं, तर माझी गाडी काय वाईट होती?"

"गाडी नाही वाईट. तुमचा पाय वाईट. कुणाला चुकूच देत नाही."

बोलले एकदाची. माफीबिफी मागणार नाही.

१० मार्च
अबोला. असू दे.

१७ नोव्हेंबर
शिकवण्याचा पहिला दिवस. पहिला विद्यार्थी — बाबा! घरी अवाक्षर न काढता नाव नोंदवून आलेले. शिकणाऱ्याच्या डाव्या सीटवर बसले. मी उजवीकडे; ब्रेक माझ्याही पायाशी, पण पाय मुद्दाम मागे घेऊन. वळण आलं. त्यांनी चाक डावीकडे फिरवलं. विमान निघालं गवताकडे.

"पाय, बाबा, पाय!"

माझा पाय केव्हाच ब्रेकवर होता.