जीप उंच करताना

अहो,

जीप उंच करायच्या लिफ्ट किटच्या मागच्या कमानी बसल्या, पुढच्या राहिल्यात. एकट्यानं जीपखाली शिरू नका. नुसत्या जॅकचा भरवसा नाय, सदाशिव भाऊजींना हाताशी घ्या.

मी गारखेड्याला आईकडं चालले. रागानं नाय. काल दवाखान्यात कळलं, मला पुन्हा दिवस गेलेत. तेच सांगायला अंगणात आले, तर तुम्ही जीपखालूनच म्हणालात, "यंदा कितीबी पाणी येऊ दे, ही नाल्यात अडकायची नाय." मग मी न सांगताच आत जाऊन पिशवी भरायला घेतली.

मागच्या पावसाळ्यात जीप नाल्यात अडकली अन् दवाखाना गाठेपर्यंत पोटातलं लेकरू गेलं. त्यात तुमची काही चूक नव्हती. त्या दिवसापासून तुम्ही नीट झोपला नाहीत, ते मला दिसतं.

जीप खुशाल उंच करा, शेताला ती लागणारच. मला मात्र यंदा तो नाला ओलांडायला लावू नका. आईच्या घरापासून दवाखाना चालत जाण्याइतका जवळ हाय.

भाकरी टोपल्यात झाकून ठेवल्यात. हातपाय धुऊन आधी जेवा, अन् सांजच्याला बसनं या. आईला मी अजून काही सांगणार नाय. तुम्ही आलात की दोघं मिळून सांगू.

चतुरा