शेजारच्या मावशींचं पुरण

दादा, चार दिवसांपासून मी घरात नुसत्या येरझाऱ्या घालते आहे. ओट्याजवळ जाते, पुसलेलाच ओटा परत पुसते, बाहेर येऊन बसते, तर बसवत नाही. उजवा खांदा आखडलाय, डॉक्टरांनी कणीक मळायची नाही म्हणून बजावलंय, हे खरं. पण ही तगमग खांद्याची नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, बापलेकीत जे बोलायचं राहिलं ते राहिलंच, असं मी धरून चालले होते. आता ते तसं राहू देववत नाही मला.

तुम्ही घरी बसलात ते दुष्काळाचं वर्ष. माजलगावच्या धरणाचा तळ दिसत होता, ऊस उभ्या रानात वाळून गेला होता आणि आपल्या सहकारी साखर कारखान्याचा बॉयलर त्या हंगामात पेटलाच नाही. तुम्ही फिटर. सकाळी सवयीनं खाकी शर्ट घालायचात, कॉलनीच्या फाटकापर्यंत जायचात आणि परत यायचात. त्यातच टँकरच्या गर्दीत आई घागरीसकट पडली. उजवं मनगट मोडलं आणि सांधलं तेही वाकडंच. कामगारांच्या सोसायटीच्या सोडतीत आपल्याला लागलेला फूड प्रोसेसर दोन वर्षं कपाटावर खोक्यातच पडून होता, कारण धडधाकट हात असताना मशीन कशाला, असं आईचं म्हणणं. ती पडल्यावर तिसऱ्या दिवशी तुम्ही तो खाली उतरवला. सोबतचं पुस्तक फरशीवर पसरून, चष्मा नाकावर ओढून, एकेक पातं हातात घेऊन पाहिलंत. झाकण खट्ट बसल्याशिवाय तो चालूच होईना, तेव्हा तुम्हाला वाटलं बिघडलाय. खुबी कळली तेव्हा तुम्ही झाकण दोनतीनदा काढून परत बसवून पाहिलंत. कारखान्यात तुमच्या जोडीदाराची दोन बोटं पट्ट्यात गेली होती, ती तुमच्यासमोरच. मग आईला म्हणालात, "करणारानं बाईच्या बोटांचा इचार केलाय बघ."

त्या दिवसापासून स्वयंपाक तुमचा. लाइट कधी जाईल याचा नेम नव्हता, म्हणून ती आहे तोवर सगळं उरकायचं. भांडं विसळायला पाणी नव्हतं, त्याचीही तुम्ही तोड काढलीत. आधी शेंगदाण्याचं कूट, मग त्याच भांड्यात न धुता कणीक, शेवटी कांदा आणि लसूण, आणि मग एकदाच तांब्याभर पाण्यात सगळं साफ. कुटाचा खकाणा कणकेत जायचा आणि पोळ्या खमंग लागायच्या. ज्वारीच्या भाकरीपुढं मात्र मशीनचं काही चाललं नाही. ती हातानंच थापावी लागते आणि तुमची तव्यावर जायच्या आत फाटायची. आई उंबऱ्यात बसून डाव्या हातानं दाखवायची, हसायची. मी हसत नव्हते. खिडकी रस्त्याकडं होती. तुम्ही कणीक भिजवताय हे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसायचं, म्हणून मी कॉलेजला निघताना खिडकी लावून घ्यायचे. तुम्ही ती उघडायचात. उकडतं, म्हणायचात.

मग परळीचे पाहुणे मला बघायला यायचं ठरलं. मुलगा औष्णिक वीज केंद्रात नोकरीला. त्या दिवशी तुम्ही सकाळीच डाळ शिजत घातलीत. गूळ घालून आटवलेलं पुरण थोडं थोडं मशीनमध्ये घालून फिरवताय, थांबवून बोटानं बघताय, कण राहिला तर पुन्हा फिरवताय, हे मी साडीच्या निऱ्या घालता घालता बघते आहे. कणीकही तुमचीच, लाटणंही तुमचंच. तव्यावर उलटायचं तेवढं आईनं डाव्या हातानं केलं. पोळ्या अशा झाल्या होत्या की पाहुण्यांनी मागून घेतल्या. मुलाच्या आईनं विचारलं, पुरण कुणी केलं? आईचा वाकडा हात तर सगळ्यांनाच दिसत होता. तुम्ही तुपाची वाटी घेऊन पंगतीत वाकलेले, तोंड उघडणार तेवढ्यात मी दारातून म्हणाले, "शेजारच्या मावशी आल्या होत्या, त्यांनी केलं."

तुम्ही सरळ उभे राहिलात. माझ्याकडं पाहिलं नाही. मुलाच्या आईच्या पोळीवर तूप सोडत म्हणालात, "हो, लई चव हाय त्यांच्या हाताला."

पाहुणे गेले. आई मला बोलणार होती, तुम्ही तिला खुणेनं थांबवलंत. भांडं विसळत बसला होतात. मी पाणी ओतायला वाकले तेव्हा हळूच विचारलंत, "लाज वाटती का गं माझी?" मी पाणी ओतत राहिले. तुम्ही पातं पुसून बाजूला ठेवलंत. "मला कारखाना बंद पडल्याची लाज वाटती. ह्याची न्हाई वाटत." एवढंच. परत तो विषय तुम्ही कधीच काढला नाहीत. लग्न ठरलं, झालं. पुढं पाऊस झाला, बॉयलर पेटला, तुम्ही कामावर गेलात. तरी पाळीला जाण्याआधी कणीक भिजवून जायचात, ते थेट छातीत कळ येऊन पडलात त्या सकाळपर्यंत. भांड्यात अर्धी कणीक तशीच होती, असं आई सांगायची.

तो मुलगा, म्हणजे हे, गेल्या महिन्यात रिटायर झाले. तीस वर्षं दर सणाला पुरणपोळी खाताना म्हणतात, छान झाली, पण त्या मावशींची सर नाही. मी मान हलवते. चार दिवसांपूर्वी माझा खांदा बघून ते आपणहून स्वयंपाकघरात आले, बाही वर सारली आणि म्हणाले, कणीक मी मळतो, मशीन कसं चालतं तेवढं सांग. मी केवढ्यानं ओरडले. पुरुषमाणसानं इथं यायचं नाही, लोक काय म्हणतील, असलं काहीबाही. ते बावरून गॅलरीत जाऊन बसले. तेव्हापासून आम्ही बाहेरच्या पोळ्या खातोय आणि माझं हे येरझाऱ्या घालणं चाललंय. तुमच्यासमोर एक शब्द निघाला नव्हता, आणि त्यांच्यावर एवढं ओरडता आलं.

हे लिहिलेलं कुठं पाठवायचं, कुणाला दाखवायचं, काही नाही. पण तुमच्याशी खोटं बोलवत नाही आता. आज सकाळी मी पीठ चाळून ठेवलंय. ते अजून गॅलरीतच आहेत, कालचाच पेपर वाचतायत. दोनदा दारापर्यंत जाऊन आले, दादा. हाक काही मारली नाही.