नारळाशिवाय केबल नाही

६ एप्रिल, सकाळी ६.१०
नवी डायरी. यात फक्त ठोस कामं लिहायची, कुरकुर नाही.
मुलगा ओमेश हैदराबादहून घरी आला. सहा वर्षांनी. कंपनी म्हणते, नेट पक्कं असेल तर कायमचं घरूनच काम कर, जूनअखेरपर्यंत बघू. त्याची आई देवका दोन दिवस स्वयंपाकघरात गुणगुणते आहे. आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं. ओमेशला सांगून टाकलं, नेटची जबाबदारी माझी. कुडवा आता खेडं राहिलेलं नाही, गोंदियातच जमा आहे. आणि मी दळणवळण व डिजिटल विकास समितीचा अध्यक्ष उगाच नाही. समितीत तिघं. मी, खेमराज आणि खेमराजचा साळा. साळा तिरोड्याला राहतो, पण मनाने इथंच असतो.

९ एप्रिल
निवेदन दिलं. फायबर आणि सिटी बस, दोन्ही एकाच कागदावर. साहेब जेवायला गेले होते म्हणून शिपायाने स्वीकारलं. फोटो काढला. शिपाई रुबाबदार आला आहे. घरी येऊन ग्रुपवर टाकला. अजून अपलोडचं चक्र गोल फिरतं आहे.

२३ एप्रिल
विजय! ठेकेदार मे महिन्यात आमच्या गल्लीतून केबल टाकणार. मागच्या गल्लीतला किराणावाला बकाराम म्हणतो, चाळीस घरांनी ऑनलाइन अर्ज केले म्हणून. बकारामला प्रशासन कळत नाही. वाद घातला नाही. अध्यक्षाला शोभत नाही.

४ मे, दुपारी
४४ डिग्री. घरात रेंज फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे. ओमेश ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन तिथं मीटिंगला बसतो. आज त्याच्या साहेबाशी बोलताना तीनदा कटलं. खाली येऊन म्हणाला, बाबूजी, मले वार्निंग भेटली. मी म्हणालो, आपले पूर्वज माळव्यातून बैलगाडीनं इथवर आले, त्यांना कोणती रेंज होती? तो परत गच्चीवर गेला. देवका ताकाचा तांब्या घेऊन वर गेली.
संकल्प: उद्या मोठी छत्री आणणे.

१२ मे, सकाळी ९
छत्री राहिली. त्याहून गंभीर बाब. ठेकेदाराची माणसं मशीन घेऊन आली आणि माझ्या दारासमोर सरळ खोदायला लागली! पूजा नाही, नारळ नाही, फलक नाही, अध्यक्षाला साधी सूचना नाही. सुपरवायझर कोणी गजेंद्र. विचारलं तर म्हणाला, काकाजी, केबल टाकून राहिलो, मंदिर नाही बांधून राहिलो. गोंदिया जिल्ह्यात हातपंपाचं हँडल बदललं तरी भूमिपूजन होतं, हे या पोराला कोणी शिकवलं नाही. खड्ड्यात खुर्ची टाकून बसलो.
ओमेश धावत खाली आला. कायले थांबवून राहिले बाबूजी, म्हणाला, दोन घंट्याचं काम आहे. त्याला प्रोटोकॉल समजावला. दीड तासाने मशीन गेली. गजेंद्र जाताना म्हणाला, मागच्या गल्लीतून काढतो. बघू किती काढतो.

१८ मे
भूमिपूजनाचा फलक रंगवून आला. पहिलं नाव लोकप्रतिनिधींचं, दुसरं माझं, दुलीचंद बिसेन, अध्यक्ष. अक्षरं दोघांची सारखीच मोठी ठेवायला सांगितली होती. लोकप्रतिनिधींचा पीए म्हणतो, आज तारीख नाही, लग्नसराई आहे, पुढं पाहू. समजू शकतो.

२६ मे
मागच्या गल्लीत फायबर सुरू. नारळ न फोडता. टिकणार नाही.
बकाराम स्वतः आला. म्हणाला, ओमेशले माह्या घरी बसू द्या जी, वरची खोली रिकामीच आहे, कूलर बी आहे. ओमेशने लॅपटॉप उचललाच होता. मी त्याच्या वतीने नकार दिला. बिसेनांचा मुलगा किराणा दुकानाच्या माडीवर नोकरी करणार नाही. बकारामच्या घराची पायरी आता मीही चढणार नाही. ओमेश माझ्याकडे बराच वेळ बघत होता. वडिलांचा मान ठेवतो तो.

१४ जून, दुपारी १
भूमिपूजन दणक्यात झालं. लोकप्रतिनिधी वीस मिनिटं थांबले, नारळ मी फोडला. कुदळ मारायला जागा शोधावी लागली, कारण जुना खड्डा गजेंद्रने बुजवून टाकला होता. ठेकेदाराचं कोणी आलं नाही. फोन केला तर म्हणे, पावसाळ्यात खोदकाम बंद, आता दिवाळीनंतर. म्हणजे तत्त्वतः मान्य आहे.
फोटो ओमेशने काढले. मग मोबाईल माझ्या हातात देऊन म्हणाला, एक तारखेला हैदराबादले हजर व्हायचं आहे, मेल आला. नोकरी शाबूत आहे, हेच नशीब, म्हणाला. मी म्हणालो, चार महिन्यांचा तर प्रश्न आहे. देवका फुलांचं ताट तिथंच ठेवून घरात गेली.

२८ जून
ओमेशला स्टेशनवर सोडलं. नवा रस्ता झाल्यापासून बारा मिनिटं लागतात. त्या रस्त्यासाठीही माझंच निवेदन होतं. हे त्याला सांगितलं. गाडी येईपर्यंत तो पलीकडे पाहत होता. दिवाळीनंतर सगळं ओके, मग परत ये, म्हणालो. पाहू, म्हणाला. वाकून नमस्कार केला तेव्हा त्याच्या डोक्यावर हात ठेवायचं राहून गेलं. वाईट वाटलं.
देवका माझ्याशी बोलत नाही. वाढते, पण बोलत नाही.

१३ जुलै, संध्याकाळी ७.४५
देवका रोज सात वाजता बकारामकडे जाते. त्याची बायको शामकलाबाई तिला मोबाईल धरून देते, ओमेशशी व्हिडिओवर बोलणं होतं. आमच्या घरून चेहरा दिसत नाही, नुसता चौकोन येतो. मी जात नाही. शब्द म्हणजे शब्द.
आज गल्लीची पाहणी करायला निघालो होतो. बकारामच्या खिडकीखाली पोचलो. ओमेशचा आवाज आला, भिंतीपलीकडे बसल्यासारखा. काय भाजी केली, विचारत होता. मग विचारलं, बाबूजी कुठं आहेत? देवका म्हणाली, मीटिंगमधी आहेत. तो बरं म्हणाला आणि तिच्या गुडघ्याचं विचारायला लागला. परत माझं नाव निघालं नाही.
बावीस मिनिटं उभा होतो. आवाज एकदाही तुटला नाही.
देवका बाहेर आली. मला पाहिलं, पदर सारखा केला आणि पुढं चालू लागली. ओमेश कसा आहे, एवढं विचारायचं होतं.