रंगेल उमरावाचा शेवटचा फर्मा

तीर्थरूप ताईस,

उभ्याउभ्याच नमस्कार करतो, कारण वाकता येत नाही. कंबर धरली आहे. (का धरली ते पुढे येईल, आणि ते वाचताना तू हसलीस तर मला इथे बसून कळेल.) तुझा गुडघा काय म्हणतो? जिना उतरू देतो का? भाऊजींचा खोकला थांबला असेल आणि त्यांच्या दंडांत अजून पूर्वीसारखीच ताकद असेल, अशी आशा आहे. हे आपलं सहज विचारलं. इकडे आम्ही खुशाल आहोत, म्हणजे तुझी भावजय खुशाल आहे. मी जळतो आहे.

हो, जळतो आहे, आता तुझ्यापासून काय लपवायचं! आणि या सगळ्याचं मूळ तू आहेस. मागच्या खेपेला आलीस तेव्हा भावजयीचा वेळ जावा म्हणून ती एक जाडजूड ऐतिहासिक प्रेमकादंबरी ठेवून गेलीस ना, तिथून हे सुरू झालं. आता वाचनालयातलं ते अख्खं कपाट तिनं वाचून काढलं आहे. प्रत्येक पुस्तकात एक उमराव असतो. तो जुगार खेळतो, दारू पितो, दुसऱ्यांच्या बायकांकडे बघतो, बापाची इस्टेट उधळतो, आणि केस कधी विंचरत नाही. मग त्याला एक गरीब, मानी, पुस्तकं वाचणारी मुलगी भेटते (पुस्तकं वाचणारी असतेच, लेखिकांना गिऱ्हाईक बरोबर कळतं) आणि शेवटच्या वीस पानांत हा बाबा असा सुधारतो, असा सुधारतो, की माझी बायको पदरानं डोळे पुसते. अगं, माझ्यासमोर! मी जन्मभर नाकासमोर चाललो. सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. माझ्यासाठी कुणी डोळे पुसले? मी तिला एकदा स्पष्टच विचारलं, की मी आधीपासूनच चांगला आहे, त्याचं काही नाही का? तर पान उलटत म्हणाली, "तुमचं बरं आहे हो, तुम्हाला काही बदलावंच लागलं नाही."

यात सगळ्यात वाईट काय, तर त्या उमरावाला मीच सांभाळतो. वाचनालयाची फाटकी पुस्तकं बांधायला आपल्याकडेच येतात हे तुला माहीत आहे. बायका त्याला इतक्या वेळा घरी नेतात की त्याची पाठ खिळखिळी होते. मग मी त्याला उसवतो, पुन्हा शिवतो, खळ लावतो, नवं कापड घालतो, वर सोनेरी अक्षरांत त्याचं नाव ठोकतो. नवऱ्यानं दुसरी आणली तर तिला सवत म्हणतात, पण बायकोनं दुसरा आणला तर त्याला काय म्हणायचं, याला आपल्याकडे शब्दच नाही. आणि बांधणाऱ्याला न वाचता कळतं गं. पुस्तक टेबलावर उभं धरून सोडलं की जिथे जास्त वेळा उघडलं गेलं आहे तिथेच ते उघडतं. हे नेहमी एकाच जागी उघडतं. उमराव परत येतो तिथे.

मग मी ठरवलं, आपणही थोडं बिघडून बघू, म्हणजे सुधारायला जागा होईल. उमराव नेहमी कशाला तरी रेलून उभा असतो, म्हणून मी शर्टाची वरची दोन बटणं सोडून खळीच्या फळीला रेललो. ती फळी भिंतीत किती आत आहे हे मला माहीत असायला हवं होतं, कारण ती मीच ठोकली आहे. खळीचं पातेलं डोक्यावर, मी जमिनीवर, आणि कंबर गेली ती तेव्हा. (हसलीस. कळलं.) मग परस्त्रीकडे तिरकं बघायचं म्हणून बायकोला घेऊन कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेलो आणि दुकानवाल्या बाईंकडे तिच्यादेखत एक नजर टाकली. बाई घाबरल्या. डोळ्यात काही गेलंय का म्हणाल्या आणि थेंबांची बाटली दिली. आता तुझी भावजय रोज सकाळ-संध्याकाळ माझ्या डोळ्यात थेंब घालते. एका हातात बाटली, दुसऱ्या हातात उमराव. अर्धे थेंब कानात जातात.

तेव्हा मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नेमका त्याच आठवड्यात तिचा सगळ्यात लाडका उमराव बांधायला आला, तोही तिनं अजून शेवटपर्यंत वाचलेला नसताना. ताई, मी असं आयुष्यात कधी केलं नव्हतं. मी शेवटचा फर्मा, म्हणजे सोळा पानांची ती शेवटची घडी, शिवलाच नाही. पुस्तक कुठे संपतं? उमराव पहाटे घोडागाडीत बसतो आणि मागे वळूनसुद्धा न बघता निघून जातो. समाप्त! म्हटलं, बघ आता तुझा हिरा. फर्मा मी खिडकीतल्या प्रेसखाली, पुस्तकं दाबायच्या त्या लोखंडी धुडाखाली, सरकवून दिला, अगदी बोटं पोचतील इतकाच.

वाटलं होतं, ती पुस्तक आपटेल, म्हणेल, मेला शेवटी तसलाच निघाला. कसलं काय! शेवटचं पान वाचून तिनं पुस्तक मिटलं आणि म्हणाली, येईल तो. मी ओळखते त्याला. मी ओळखते त्याला! माझ्याबद्दल हे वाक्य तिनं फक्त एकदा, हरवलेली किल्ली माझ्याच खिशात निघाली तेव्हा म्हटलं होतं. आणि दुसऱ्या दिवसापासून ती जेवताना त्याचा पुढचा भाग मला स्वतःच्या मनानं सांगायला लागली. मी वाढून घेतोय आणि उमराव परत येतोय. दागिने घेऊन नाही, पाया पडत नाही, नुसता दारात उभा राहतो आणि तिला विचारतो, तुला काय हवं आहे? आणि ही मुलगी काय मागते माहीत आहे? म्हणते, काही नको, फक्त खिडकीपाशी तुमच्या बापजाद्यांच्या शस्त्रांची ती लोखंडी पेटी आहे ना, सगळा उजेड ती खाते, आणि मी कोपऱ्यात बसून वाचते. तर तो उमराव कोट काढतो, बाह्या सारतो, आणि पेटी सरकवतो.

मी घास हातात धरून म्हटलं, हे शक्य नाही. उमराव कधी पेट्या सरकवतात का? नोकर काय करतात मग? आणि कामाच्या वस्तूला उजेड लागतो, बापजाद्यांनी ती तिथे ठेवली ती काही उगाच नाही. तिनं ताट उचललं, हात धुतले, आपल्या कोपऱ्यात गेली आणि दिवा लावून वाचत बसली. बाहेर टळटळीत दुपार होती, ताई. मी प्रेसपाशी येऊन उभा राहिलो. खिडकीतला सगळा उजेड प्रेसवर पडला होता, आणि त्या दिवशी प्रेसमध्ये काहीच नव्हतं. लग्न झालं तेव्हापासून ती दर दोन-चार महिन्यांनी मला हे एवढंच सांगत आली आहे, आणि मी दर वेळी म्हणत आलो की अण्णांनी आपल्या लहानपणी प्रेस ठेवली ती जागा आहे. मला त्या उमरावाचा इतका राग आला की सांगता येत नाही. माझं काम तो करून गेला होता.

असो. पत्र लांबलं. पाकिटावर पत्ता नेहमीप्रमाणे तीच लिहील (माझं अक्षर पोस्टमनला लागत नाही), पण दुसऱ्याचं पत्र वाचणाऱ्यांतली ती नाही, म्हणून मोकळेपणानं लिहिलं. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. वाचनालयाच्या बाई पुस्तक मागायला दोनदा येऊन गेल्या. खळ वाळली नाही असं सांगितलं, पण तेच तेच किती दिवस सांगणार? फर्मा परत शिवावा म्हणून प्रेसखाली हात घातला, तर तो पार भिंतीपर्यंत आत गेलेला. कसा गेला देव जाणे. प्रेस उचलल्याशिवाय निघणार नाही आणि माझी कंबर ही अशी. तेव्हा रविवारी भाऊजींना घेऊन ये. प्रेस हलली की भाऊजींनी घडी गुपचूप खिशात टाकावी.

आणखी एक. एवढी उचलणारच आहोत तर मग परत तिथेच कशाला ठेवायची? मागच्या भिंतीला राहील. मी दिवा लावून काम करीन. खिडकीत एक खुर्ची मावते, मी मोजून बघितलं. हे त्या उमरावामुळे नाही, तिथली फरशी खचायला आली आहे. तिला आत्ता काही बोलू नकोस.

वन्सं, नमस्कार. पत्ता लिहायला पत्र माझ्याकडे आलं, तेव्हा दोन ओळी माझ्याही. हे म्हणतात ती घडी मला पहिल्याच दिवशी सापडली. या घरात झाडू कोण मारतं, हे यांच्या लक्षात आलं नाही. खऱ्या पुस्तकात उमराव शेवटी नुसता गुडघे टेकून रडतो, बाकी काही करत नाही. म्हणून वाचून झाल्यावर मीच ती घडी झाडूच्या दांड्यानं भिंतीपर्यंत ढकलली. रविवारी दोघंही जेवायलाच या. यांना यातलं काही कळू देऊ नका. खुर्चीची गादी मी शिवून ठेवली आहे.