तिसऱ्या मजल्यावरची खुर्ची

नवघर रोड, भाईंदर (पूर्व)
१६ नोव्हेंबर २००८

चि. निशू,

आशीर्वाद तुला नेहमीचेच, जावईबापूंनाही. फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि आज मला बरंच बोलायचंय.

तब्येत ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, पण तीन मजले चढतोय. समोरच्या हंसाबेन रोज काहीतरी खायला पाठवतात. काल हांडवो होता. मागे मला ताप आला तेव्हा त्यांचा धर्मेश माझ्याकडेच झोपायला होता. तुला कळवलं नव्हतं. आता कळवतोय, रागावू नकोस.

सध्या मी फार मोठा माणूस झालोय. इमारतीतल्या सामाईक जागा, म्हणजे जिना, गच्ची, पॅसेज, कोणी आणि कशा सांभाळायच्या, या कायद्याचा सरकार म्हणे फेरविचार करतंय. सोसायट्यांकडून सूचना मागवल्यात. आपले सेक्रेटरी गुणवंतराव घरी आले आणि म्हणाले, "काका, हे तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाय. तुम्ही कोर्टात होता ना?" मी कोर्टात कारकून होतो, पण खुशामत कुणाला आवडत नाही? आता कळतंय, त्यांना कायद्यापेक्षा माझी काळजी होती. तुझी आई गेल्यापासून मी दार लावून बसलो होतो. त्या भल्या माणसाने मला कामाला लावून बाहेर काढलं.

बिल्डरने गच्ची विकू नये, पार्किंगच्या जागेत गाळे काढू नयेत, सगळं लिहिलं. पण पहिली सूचना माझ्या डोक्यात आधीपासून तयार होती: जिन्यात आणि पॅसेजमध्ये कुणाचीही खासगी वस्तू असता कामा नये. सरकार करेल तेव्हा करेल, आपण आजपासून पाळू, असं मीटिंगमध्ये उभं राहून ठणकावून सांगितलं.

तू पोचलीस तेव्हा सगळं आटपलं होतं, म्हणून तुला हे नीट सांगितलंच नाही. आई गेली त्या दुपारी स्ट्रेचर वर येताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडलं. चपलांची कपाटं, कुणाचा तरी बंद पडलेला फ्रिज. शेवटी धर्मेश आणि गुणवंतरावांनी आईला तिच्या वेताच्या खुर्चीत बसवलं, संध्याकाळी पॅसेजमध्ये वाऱ्याला बसायची त्याच, आणि उचलून खाली नेलं. तशाही अवस्थेत ती धर्मेशला म्हणाली, "अरे, वरातच काढलीस की माझी!" त्यानंतर ती बोलली नाही. उशिरामुळे काही फरक पडला नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी त्यावर विश्वास ठेवायचं ठरवलंय. त्या दोघांचे उपकार मात्र या जन्मात फिटायचे नाहीत.

खुर्ची कुणीतरी वर आणून जागेवर ठेवली होती.

तर ठराव एकमताने पास झाला. कपाटं आत गेली, फ्रिज भंगारात गेला, आणि अख्ख्या इमारतीच्या पॅसेजमध्ये एकच खासगी वस्तू उरली. खुर्चीजवळून जाताना सगळे अंग चोरून जायचे. मलाच लाज वाटली. आत आणायला गेलो, तर हातच उचलेना.

दिवाळीत तू म्हणालीस ते लक्षात आहे. "बाबा, नागपूरला कायमचे याल तेव्हा आईची खुर्ची घेऊन या."

हंसाबेन दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "आत्मारामभाई, खासगी वस्तू नको ना? मग सोसायटीला देऊन टाका ने! सगळ्यांची होऊन जाईल."

मी दिली, निशू. तुला न विचारता. गुणवंतरावांनी ती खिडकीखालच्या कोपऱ्यात सरकवली आणि स्ट्रेचर वळेल का, हे धर्मेशने नि त्यांनी पलंगाची फळी फिरवून पाहिलं. वळली. आता ती खुर्ची माझी नाही, त्यामुळे तुला पाठवताही येत नाही. वाईट वाटेल तुला. मलाही वाटलं. गॅसचा सिलिंडर पोचवून उतरणारा माणूस तीत टेकलेला पाहिला, तेव्हा आधी आत वळलो. मग त्याला पाणी नेऊन दिलं. आता वरच्या मजल्यावरची गरोदर सून चढताना तिथे दम खाते, हंसाबेन मटार सोलतात, आणि खुर्ची रिकामी दिसली की मलाच चुकल्याचुकल्यासारखं वाटतं.

मी नागपूरला राहायला येत नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. तू इतक्या मायेने बोलावतेस, याहून बापाला आणखी काय हवं? पण या माणसांना सोडून माझा पाय निघणार नाही.

तूच ये. जिना चढून दम लागेल. वर आलीस की बेल वाजवू नकोस, आधी खुर्चीत बस. कुणाला विचारायचं कारण नाही. ती कुरकुरली की मी बाहेर येईन.

तुझे बाबा
तिसरा मजला. दार उघडं असतं.